किल्लीकाकांचा संशय आणि मुलीचा डोळा

किल्लीकाकांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्यांच्या धंद्यात तो गुणच होता. घराबाहेर अडकलेलं गिऱ्हाईक धापा टाकत यायचं, "दार उघडून द्या" म्हणायचं, की काका आधी त्याची उलटतपासणी घ्यायचे. घर तुमचंच कशावरून? शेजारी ओळखतात का? एकदा असंच विचारल्यावर एका सुटाबुटातल्या गृहस्थानं धूम ठोकली. तेव्हापासून तर काकांची खात्रीच पटली, की जगाकडे तिरक्या नजरेनंच पाहिलेलं बरं.

दुकान एवढंसं. पुढे काउंटर, मागे किल्ल्या कापायचं मशीन, आणि मशीनवर त्यांची मुलगी. पंचविशीची, तोंडानं तिखट, हात मात्र एकदम साफ. दिवसा सगळं ठीक असायचं. उजेड कमी झाला की तिला समोरची पायरीसुद्धा दिसायची नाही. मग काका दुकानाचं शटर ओढायचे आणि लहान मुलासारखा तिचा हात धरून तिला घरी न्यायचे. तिला त्याचा भयंकर राग यायचा.

"हे तुमच्याकडचं," काका बायकोला ऐकवायचे. तिचा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा, तिशीतच पुरता आंधळा झाला होता. बायको भाजी चिरत असली तर विळी जरा जोरात चालायची, एवढंच.

एके दिवशी मुलीची तपासणी व्हायची त्या डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं. या आजारावर नवा उपचार निघाला होता. डॉक्टर तरुण होता आणि फार गोड बोलत होता. काकांना तिथेच पहिली शंका आली.

"जे जनुक बिघडलंय, त्याची चांगली प्रत आम्ही एका निरुपद्रवी विषाणूत भरतो," डॉक्टर म्हणाला, "आणि डोळ्याच्या पडद्यामागे सोडतो."

"म्हणजे आजार घालवायला आजारच सोडायचा? आणि तो डोळ्यातून निघून दुसरीकडे गेला तर?"

"शक्यता फार कमी आहे."

"फार कमी म्हणजे नाही, असं नव्हे. पैसे किती?"

"काहीच नाही. अजून अभ्यास चालू आहे."

"फुकट! म्हणजे माझी पोर तुमच्या प्रयोगाचा उंदीर."

"बाबा," मुलगी म्हणाली, "अंधार माझ्या डोळ्यांत आहे, तुमच्या नाही. मला विचारू द्या." आणि तिनं विचारलं. आधी किती जणांना दिलं, कुणाचं बिघडलं, बिघडलं तर मागे घेता येतं का. शेवटच्या प्रश्नावर डॉक्टरनं खरं काय ते सांगितलं. मागे घेता येत नाही. काकांना तो माणूस त्या क्षणी पहिल्यांदा बरा वाटला.

आधी तिघांचं रक्त तपासलं. आठवड्याभरानं समुपदेशन करणाऱ्या बाईंनी तिघांना समोर बसवलं. "हा आजार मुलात उतरायला दोन्हीकडून दोष यावा लागतो," त्या म्हणाल्या. "एक आईकडून आला, एक वडिलांकडून. तुमच्या दोघांच्या रक्तात आहे."

"माझ्यात? चूक झाली असेल. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल," काका म्हणाले. पुन्हा तपासलं. तेच निघालं. बायको खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवून ती म्हणाली, "घ्या. अर्धा तुमचा, अर्धा माझा," आणि अशी खुदकन हसली, की काकांना कुठे तोंड लपवू असं झालं. त्या दिवसानंतर मामाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पण संशय तो संशयच. सही करायच्या दिवशी त्यांनी बाईंना गाठलं. "आमचं उरलेलं रक्त कुठे जातं?"

बाई जरा घुटमळल्या. "जपून ठेवतो. पुढच्या संशोधनासाठी औषध कंपनीला देतो."

"त्यातून कंपनी पुढे काय बनवणार, कुणाला विकणार, हे आम्हाला कोण सांगणार?"

"तसं... नाही सांगत कुणी."

"आणि आम्ही नको म्हटलं तर? उपचार बंद?"

"नाही नाही. उपचार चालूच राहतो. नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला."

"मग हे आधी का नाही बोललात?" मुलगीच कडाडली. काका तिच्याकडे पाहत राहिले. पोरगी आपल्यावर गेली होती. तिघांनीही रक्त द्यायला नकार दिला आणि उपचाराला होकार.

सुई जास्त अधू असलेल्या डोळ्यात दिली. महिनाभर काकांना झोप नव्हती. डोळा लाल झाला की ते डॉक्टरच्या नावानं बोटं मोडायचे. पुढे एका संध्याकाळी शटर ओढून त्यांनी सवयीनं हात पुढे केला, तर मुलगी पुढे निघून गेलेली. कोपऱ्यावर थांबून ती ओरडली, "या की, का वाट चुकलात?" काका तिथेच उभे राहिले. डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला.

थोड्याच दिवसांत एक गुळगुळीत बोलणारा माणूस दुकानात आला. म्हणाला, परदेशात एक दवाखाना आहे. गर्भ तयार होतानाच हा दोष काढून टाकतात, म्हणजे पुढच्या पिढ्यांतही राहत नाही. वर हवी तर मुलाची उंचीही ठरवता येईल, बुद्धीचंही काम चालू आहे.

"आमचा पत्ता कुणी दिला तुम्हाला?" काकांनी विचारलं. त्यानं नुसतंच आपलं कार्ड पुढे सरकवलं. काकांनी त्याला दुकानाबाहेर काढलं.

मुलीनं मशीन बंद केलं. "त्याच्यावर माझाही विश्वास नाही. पण उद्या माझ्या मुलाला हेच झालं, तर मी त्याला काय सांगू? आजोबांनी माणूस हाकलून दिला म्हणून?"

"पण चुकलं तर? ते मूल कुठे सही करणार आहे?"

"मला जन्माला घालताना माझी सही घेतली होती का?"

काकांनी कानस उचलून एक किल्ली घासायला घेतली. तिनं मशीन पुन्हा चालू केलं.

दोन वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं. तोवर दुसऱ्या डोळ्यातही सुई देऊन झाली होती. मुलगा छापखान्यात काम करायचा, स्वभावानं मोकळा. त्यानं आपणहून रक्त तपासून घेतलं. त्याच्यात दोष नव्हता, तेव्हा मुलांना हा आजार व्हायची भीती उरली नाही. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

काकांचाही पडला. पण जेवताना त्यांचा घास मध्येच थांबला. "समज, दोष निघाला असता," ते बायकोला म्हणाले, "तर एवढ्या चांगल्या मुलाला मी नाही म्हणालो असतो का गं?"

"म्हणाला असतात," ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.