हातातली दुसरी खोळ

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. सुट्टीला मुळशीत आमच्या गावी, भऱ्यात आलो की लोक विमानाच्या गोष्टी विचारतात, आणि मी रंगवून सांगतो — सामान कसं चढवतात, पंखा फिरला की धोतर कसं उडतं. एक तेवढी गोष्ट मात्र गिळतो. का? भित्रा आहे म्हणून. दुसरं काय!

मुंबईच्या विमानतळावर मला चिकटवलं ते किसनदादानं. नात्यातला नाही, आमच्या आळीतला. पण सख्खा भाऊ करणार नाही एवढं त्यानं केलं. कामावर आमची दोघांची जोडी. विमान उभं असलं की नाकाखालच्या नळीवर कापडी खोळ चढवायची, म्हणजे पाणी, किडामुंगी आत जात नाही. त्या नळीत वारा शिरला तरच वैमानिकाला वेग कळतो. म्हणून निघण्याआधी खोळ काढायची आणि हात उंच करून त्याला दाखवायची.

दादानं बजावलं होतं, "गाठ मारू नगं, नुसता सरकफास घाल, वढला की सुटंल." पण मी पडलो मुळशीचा! पावसावाऱ्यात भाताच्या पेंढ्या बांधलेला हात — त्यानं आपली घरची गाठ मारली. त्या दिवशी धो धो पाऊस. निघायची वेळ झाली, आणि भिजून फुगलेली गाठ काही केल्या सुटेना. नखं तुटली.

पलीकडून दादा ओरडला, "निघाली का रं?"

आणि मी — कसं सांगू? — "व्हय" म्हणालो. गाड्यावर दुसरीच एक खोळ पडली होती. ती उचलली आणि हात वर केला. खिडकीत एक बाई लेकराचा हात धरून टाटा करत होती. मला ती दिसली होती, तरी केला. वाऱ्यानं नळीवरची खोळ उडेल असं वाटलं होतं का? छे! ते नंतर रचलं. तेव्हा फक्त दादा रागावेल याची भीती होती.

विमान धावलं, वेगाचा काटा हललाच नाही. वैमानिकानं वेळेत आवरलं, म्हणून सगळे वाचले. साहेबानं विचारलं, हात कुणी वर केला? पावसाळी टोपड्यात माझा चेहरा कुणी पाहिला नव्हता. मी टोपडं आणखी खाली ओढलं. दादानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "जोडीत मोठा मी हाय." त्याची नोकरी गेली. माझी अजून चालू आहे.

गावानं त्याचं नाव पाडलं — विमानपाड्या. भाताच्या लावणीला सगळं गाव पाळीपाळीनं एकमेकांच्या खाचरात उतरतं, तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, "रोप नीट धर किसनदादा, पडंल!" तो हसतो. मीसुद्धा हसलोय. ते हसणं त्या खोळीपेक्षा वाईट.

काल मात्र त्याची लेक चंद्रा चिखलातून ताडकन उठली. "माझा बाप असं करायचा न्हाई," म्हणाली. कुणी सांगितलं नव्हतं तिला, तरी पोरीला ठाऊक! मला लई बरं वाटलं. आपल्यावाचूनही खरं कुठंतरी जिवंत होतं.

उद्या दादाच्या खाचराची पाळी. सगळं गाव असेल. मी चिखलात उभा राहून पुन्हा एकदा हात वर करणार आहे, आणि गाठ कुणी मारली, खोळ कुणी दाखवली, ते सांगणार आहे. चंद्रा तिथंच असेल, बापाच्या शेजारी.