अकरावा खिळा

व्रात्साच्या चुनखडीच्या खाणीत सगळे सांगतात, स्तोयनामावशी वॉकीटॉकीवर मेलेल्या माणसाशी बोलते. सुरुंग उडवण्याआधी ती एकेकाला पुकारते आणि शेवटी म्हणते, "ग्रोझ्दान?" मग थांबते. यंत्र नुसतं खरखरत राहतं.

पण ती बोलत नाही. ऐकते.

सहा वर्षांपूर्वी एकदा सुरुंगाची वेळ तासभर अलीकडे आली. स्तोयनाने फोनवरच्या ग्रुपात कळवलं, "सगळे वर या." बारा जणांचे बारा अंगठे आले. अकरावा ग्रोझ्दानचा. फोन त्याचा, दाबणारा मात्र त्याच्या सोबत काम करणारा मिन्चोकाका. तशी रीतच होती, कुणाचे हात ग्रीसमध्ये असले की शेजारच्याने दाबून टाकायचं. ग्रोझ्दानचा फोन कॅन्टीनमध्ये चार्जिंगला होता, आणि तो स्वतः खाली. स्तोयनाने अंगठे मोजले आणि "उडवा" म्हणाली.

दरवर्षी त्याच्या फोटोचा निधनाचा कागद फाटकावर तीच डकवते.

आता तिच्या खिडकीपाशी बारा खिळे आहेत. उतरताना आपला पितळी बिल्ला न्यायचा, वर आलं की आपल्या हाताने अडकवायचा. अकराव्या खिळ्यावर कधीच काही नसतं.

कॅन्टीनवालीची पोरगी मी, खाणीतल्या सगळ्यांचे आवाज हुबेहूब काढते. म्हटलं, "बिल्ले शोभेचे गं, मावशी. तू जातेस आवाजावर. एक दिवस फसवीन तुला. पैज?"

"हरलीस तर?"

"सांगशील त्याचा आवाज काढीन."

"टिटवी मेली! लाव."

मंगळवारी पुकारा झाला. "मिन्चो?"

कॅन्टीनच्या बाकावर काकाची टोपी होती, म्हणजे तो इथंच कुठंतरी. मी कॅन्टीनमधला वॉकीटॉकी उचलला आणि त्याच्यासारखा दोनदा घसा खाकरला. "वर आहे गं बये, किंचाळू नकोस! बिल्ला खिशात राहिला. आतड्यांचं सूप पितो नि आणतो."

समोरच्या खिडकीत तिच्याजवळ उभा फोरमन खो खो हसला. "मिन्चोच हा! उडवू?"

तिने खिळ्याकडे बघितलं. "नाही."

"अगं, आवाज ऐकलास ना?"

"आवाज काय, कुठूनही येतो. बिल्ला येऊ दे."

पाव तासाने मिन्चोकाका धापा टाकत आला. कॅन्टीनकडून नाही, खालून. राहिलेला थर्मास आणायला परत उतरला होता. त्याचा वॉकीटॉकी कधीचा बंद पडला होता.

मी तिच्या खोलीत गेले, तो आवाज माझा होता म्हणून सांगितलं. स्तोयना रागावली नाही. तिने दार लावून घेतलं.

"हरलीस ना? ग्रोझ्दानचा काढ. 'वर आलो', एवढंच."

तो आमच्या शेजारी राहायचा. मला त्याचा आवाज काढता यायचा. म्हणाले.

तिने डोळे मिटले. मग डोळे न उघडताच विचारलं,

"आणि बिल्ला?"