सरकणं आणि वळणं

निवृत्तीनंतर मी गोल्फ शिकतोय. काल शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या कमरेच्या उजव्या बाजूला लागून एक काठी जमिनीत रोवली. फटक्यासाठी हात मागे नेले, तर माझ्याच धक्क्याने ती आडवी झाली.

"तुम्ही वळत नाही, नुसते सरकता," बाई म्हणाल्या.

"मला तर वळल्यासारखंच वाटतं."

"सगळ्यांनाच वाटतं."

मग जागच्या जागी कंबर फिरवली आणि चेंडू पार झाडांपलीकडे गेला. कुठेही न जाता एवढं बळ येतं कुठून? नोकरीत मी सात गावं बदलली. त्यात सरकणं किती, वळणं किती?

घरी बायकोला हे सांगून विचारलं, "मी कधी वळलो का गं?"

"एकदा. सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून बदली नाकारलीत, त्या वर्षी. रोज त्यांची वेणी घालायचात."

ते वर्ष मी वाया गेलं असंच समजत होतो.