उलटी न केलेली सायकल

तुमसरच्या धान्यबाजारामागे बसणारा सायकलचा मिस्त्री जुन्या सायकलवरचे नाव कधी वाचत नसे. सायकल आधी उलटी करायची, डोळे मिटायचे आणि नळ्यांच्या सांध्यांवरून अंगठा फिरवायचा. मग ती कोणत्या कारखान्याची, ते सांगायचे. "रंग कोणीही मारते. सांधा एकदाच होते," एवढेच त्याचे स्पष्टीकरण.

मला आकड्याशिवाय पटत नाही. एकदा एका मास्तरांच्या सायकलवरचा पितळी बिल्ला त्याने दुसऱ्याच सायकलचा ठरवला. मास्तर चिडले. मी बिल्ला काढून मोजपट्टी लावली. बिल्ल्याची भोके आणि नळीवरची जुनी भोके यांत तीन मिलिमीटरचा फरक निघाला. मिस्त्री म्हणाला, "मोजून झालं काय बाबू? आता मास्तरले पाणी पाजा."

आमची सायकल मात्र तो कधी उलटी करत नसे. पंक्चरसुद्धा उभ्या सायकलचेच काढी, कंबर मोडेपर्यंत वाकून. बाबांनी, मिस्त्री त्यांना भाऊ म्हणे, ती जुनीच घेतली होती आणि त्याच दिवशी मिस्त्रीने ती विलायती असल्याचे सांगितले होते. "विलायतीचा मान ठेवते तो," बाबा आईला सांगत. दसऱ्याला पहिला हार सायकललाच असे.

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी मिस्त्रीचा निरोप आला, सायकल घेऊन या. मी चौदा किलोमीटर ती चालवत नेली. त्याचे दुकान बंद झाले होते, डोळ्यांना दिसत नव्हते. ओसरीवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "उलटी करा."

मी केली. त्याने अंगठा फिरवला आणि सांध्याच्या कडेला नख अडकवून दाखवले. विलायती सांधा कानसून इतका पातळ केलेला असतो की नख अडकत नाही, हे त्यानेच मला कधीतरी शिकवले होते.

"देशी आहे बाबू. त्या दिवशी भाऊ एवढे खुश होते, मी न पाहताच हो म्हटलं. आठ दिवसानं ब्रेक कसताना नख अडकलं. तोवर भाऊ गावभर सांगून बसले होते."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणून राहिलो होतो. एकतीस वर्षं झाले. उलटी केली असती तं तोंडून खरं निघालं असतं." मग त्याने विचारले, "भाऊले समजलं होतं काय?"

मी नीट आठवून पाहिले. खोटे बोलणे मला जमत नाही. "नाही," म्हणालो.

"म्हणजे सांगाचं राहूनच गेलं." तो चाकावर हात ठेवून बसून राहिला.

उन्हाळ्यात मिस्त्री गेला. आई अजून पाहुण्यांना सायकल विलायती असल्याचे सांगते. तिने कोणाचे वय एका वर्षाने चुकवले तरी मी चारचौघांत दुरुस्त करतो; इथे गप्प बसतो. पंक्चर आता मीच काढतो. अंगणात, आईच्या डोळ्यांसमोर, उभ्या सायकलचे. कंबर फार दुखते.