रविवारचं धुणं

माझा धाकटा भाऊ विल्फ टॅपिंग याने जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली आणि पेन्शनीत निघाल्यावर खुनी शोधला. म्हणजे शोधला असं त्याला वाटलं. कोणता खुनी, हे व्हाइटचॅपलमध्ये विचारायची पद्धत नाही. आमच्या गल्ल्यांत शंभरएक वर्षांपूर्वी ज्याने बायका कापल्या आणि जो कधीच हाती लागला नाही, तो. जगाने त्या मेल्याला लाडाचं टोपणनाव देऊन कपबशांवर छापलंय. मी ते तोंडातून काढत नाही. त्या बायकांची नावं विचारा कुणाला, सगळे त-त-प-प करतील.

विल्फ तसा गरीब गाय. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, पण वाचनाचं वेड. बायको वारल्यावर तो माझ्याकडे राहायला आला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पुस्तकांचे ढीग पडले. नकाशे, मोजमापं, गॅसच्या दिव्यांच्या जागा. मी म्हणायची, अरे, जरा उचल ते, मला बटाटे सोलायला जागा दे. तो पुस्तक न उचलता बटाटेच उचलून सोलायला लागायचा. असा माणूस. कुणाचं वाईट चिंतणं त्याला जमायचंच नाही, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते आठवलं की मला मान वर करवत नाही.

दर गुरुवारी कोपऱ्यावरच्या पबच्या माडीवर त्या खुन्याचे अभ्यासक जमतात. निवृत्त मास्तर, दंतवैद्य, एक वकीलबाई. अध्यक्ष लॅचफर्ड म्हणून गृहस्थ, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेले. तिथे प्रत्येकाचा आपापला खुनी असतो, जसा प्रत्येकाचा फुटबॉलचा संघ असतो. एकाचा डॉक्टर, एकाचा सरदारपुत्र, एकाचा खलाशी. ‘माझा माणूस’ म्हणतात ते. आपल्या माणसावर कुणी शंका घेतली की बायकोला शिवी दिल्यासारखे चवताळतात. विल्फला कित्येक वर्षं स्वतःचा माणूसच नव्हता. त्याला तिथे नवरदेव म्हणून चिडवायचे. काय नवरदेव, जमलं का कुठे?

मग एका हिवाळ्यात त्याचं जमलं. ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं चाळताना त्याला चार ओळींची बातमी दिसली. ज्या शनिवारी रात्री दोन बायका मारल्या गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच भागातल्या एका चाळीच्या अंगणात हॅना स्कॅरो नावाची बाई रक्ताचे कपडे धुऊन दोरीवर घालत होती. शेजाऱ्यांनी पोलिसांना सांगितलं. तिचा नवरा अमोस घोड्यांच्या कत्तलखान्यात गाडी हाकायचा. पोलिसांनी त्याला दोन दिवस बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. पुढे लोकांनी त्यांच्या खिडक्या फोडल्या, आणि ते कुटुंब नदीपलीकडे निघून गेलं.

तसं बघायला गेलं तर त्यात काय आहे? कत्तलखान्यातल्या माणसाच्या कपड्यांना रक्त लागणारच. माडीवरच्या शिकलेल्या मंडळींनी ती बातमी आधी वाचून सोडूनही दिली होती. पण विल्फ आमच्या गल्लीत वाढलेला. त्याला त्यातला वार टोचला, रविवार. आमच्याकडे धुणं सोमवारी. सोमवारी म्हणजे सोमवारी, मग पाऊस पडो की बर्फ. रविवारी दोरीवर एक मोजा दिसला तरी शेजारणी आठवडाभर नाकं मुरडायच्या. आमच्या आईने आजारातही रविवारी पाण्यात हात घातला नव्हता. मग कत्तलखान्यातल्या गाडीवाल्याची बायको, जिच्या घरी रक्ताचे कपडे रोजचेच, ती बाई एक दिवस थांबली का नाही? विल्फने माडीवर उभं राहून हा प्रश्न टाकला. लॅचफर्डसाहेब म्हणाले, हे फक्त इथल्या मातीतल्या माणसालाच दिसलं असतं. त्या दिवशी विल्फ घरी आला तो हवेत चालत. मीही त्याला मटण भरलेली पेस्ट्री आणि वर आमच्याकडचा हिरवा रस्सा वाढला. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला होता.

झालं. सुतावरून स्वर्ग गाठायला कितीसा वेळ लागतो? अमोस नदीपलीकडे गेला म्हणून खून थांबले. हॅना पोलिसांपुढे अवाक्षर बोलली नाही, म्हणजे खाई त्याला खवखवे. उन्हाळा लागल्यावर विल्फ पर्यटकांना घेऊन फेऱ्या काढायला लागला. जिथे ती जुनी चाळ होती तिथे आता नगरपालिकेने बांधलेली घरांची इमारत आहे. संध्याकाळी पंचवीस-तीस माणसं तिच्या खाली उभी करून विल्फ बसमधला आवाज लावायचा, ‘इथे अमोस स्कॅरो राहत होता!’ बाया शहारायच्या. फोटो निघायचे.

त्या इमारतीत तळमजल्यावर ईडीमावशी राहते. ईडी प्रुएट. आमचं रक्ताचं काही नाही, पण गल्लीतल्या मोठ्या बाईला मावशी म्हणतच आम्ही वाढलो. ऐंशीच्या पुढची, हातात काठी, जिभेला धार. खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारायची. त्या उन्हाळ्यात ती खिडकीत दिसेनाशी झाली. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मग एक दिवस टीव्हीवाल्यांनी विल्फला विचारलं. शनिवारी त्याच खिडकीखाली त्याला उभं करून चित्रण करणार होते. गल्लीभर बातमी गेली. आणि त्याआधीच्या गुरुवारी माडीच्या जिन्यावर काठी वाजली. मी त्या दिवशी भावाचं कौतुक बघायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. ईडीमावशी धापा टाकत वर आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली की अमोस स्कॅरो माझा आजोबा. माझ्या आईचा बाप.

आम्हांला ठाऊकच नव्हतं. तिची आई लग्न होऊन या गल्लीत परत आली, आणि आम्ही तिला त्या सासरच्या आडनावानेच ओळखत होतो. विल्फने लगबगीने खुर्ची दिली, पाणी दिलं. ती बसली नाही.

“मला वाद घालायचा नाही,” ती म्हणाली. “शनिवारी त्याचं नाव घेऊ नकोस. माझी पतवंडं शाळेत जातात. एवढंच मागायला आले.”

विल्फने तिथेच होकाराची मान डोलावली असती तर? पण सगळे त्याच्याकडे बघत होते. लॅचफर्डसाहेबांनी मोठ्या अदबीने विचारलं की मग बाई, त्या रविवारच्या धुण्याचं काय? ईडीमावशीने सांगितलं की तिची आजी गल्लीतली बाळंतपणं करायची आणि मेलेल्यांना शेवटची आंघोळ घालायची. कुणाच्या तरी घरचे कपडे असणार. प्रत्येक गल्लीत अशी एक बाई असायचीच. आमची आई गेली तेव्हा तिला आंघोळ घालून, केस विंचरून, हात छातीवर ठेवले होते ते याच ईडीमावशीने, आणि विल्फ त्या वेळी दाराबाहेर जिन्यावर बसून रडत होता. हे सगळं त्याला माहीत होतं. तरी त्याने विचारलं.

“मग एक नाव सांग, मावशी. त्या रात्री कोण गेलं, कोण बाळंत झालं? नुसतं नाव. आत्ता, इथल्या इथे अमोसला सोडतो.”

ईडीमावशीने माझ्याकडे पाहिलं. विल्फकडे नाही, माझ्याकडे. मला वाटलं, आधार मागतेय. मी खाली बघितलं.

“ज्या घरात आपण पाणी तापवलं त्या घराचं नाव बाहेर काढत नाहीत,” ती म्हणाली.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सोयीचं आहे म्हणालं. वकीलबाई म्हणाल्या की भावना समजतात, पण पुरावा तो पुरावा. आणि विल्फ, माझा गरीब गाय भाऊ, कान लाल होईपर्यंत खूश होऊन म्हणाला, “बघा, घराणंच गप्प बसणाऱ्यांचं.” लोक हसले. ऐंशी उलटलेली बाई एकेक पायरी मोजत जिना उतरत होती आणि वर टाळ्या वाजत होत्या.

मी तिच्या मागे धावले. रस्त्यात तिचा हात धरला तर तिने तो झटकला. मी म्हटलं, मावशी, माफ कर गं, तो त्या लोकांत गेला की त्याचा तो राहत नाही. ती काठी टेकत चालत राहिली. तिच्या दाराशी आल्यावर मीच चिडून म्हणाले की एवढं होतं तर सांगायचं होतंस ना नाव, शंभर वर्षं झाली, आता कुणाचं काय बिघडणार होतं?

“तुझं,” ती म्हणाली.

मग तिने मला आत घेतलं आणि सांगितलं. आमच्या आईची थोरली बहीण नेल तापाने गेली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. नेल तापाने गेली नव्हती. लग्न न झालेली ती पोर त्या शनिवारी रात्री बाळंत झाली, आणि पहाटे रक्तस्रावाने गेली. बाळ जगलं. ते बाळ म्हणजे आमची आई. जिला आम्ही आजी म्हणत होतो ती मार्था आमच्या आईची आई नव्हती, आजी होती. नातीला लेक म्हणून वाढवायचं तिने त्या रात्रीच ठरवलं. घरात रक्ताचा एक धागा राहता कामा नये म्हणून हॅनाने चादरी, परकर, सगळं आपल्या घरी नेलं. सोमवारपर्यंत ठेवलं असतं तर डाग बसले असते आणि मार्थाकडे दुसऱ्या चादरी नव्हत्या. म्हणून रविवारी धुतलं. पोलीस आले, नवऱ्याला नेलं, शेजाऱ्यांनी दगड मारले. मार्थाने हात जोडून सांगितलं की बोलू नका, पोरीला कुणी पदरात घेणार नाही. नवराबायको बोलली नाहीत. आणि खिडक्या फुटत होत्या तेव्हा मार्थाही दार लावून घरात बसून राहिली.

“माझी आई आठ वर्षांची होती,” ईडीमावशी म्हणाली. “पाणी तिनेच वाहिलं. मरताना मला सांगितलं आणि म्हणाली, टॅपिंगांच्या पोरांना कळू देऊ नकोस.”

त्या खोलीतून मी कशी बाहेर पडले, मला आठवत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या आजोबाचं नाव बुडालं तरी चालेल, पण आमचं वाचावं म्हणून ती माडीवर हसं करून घेऊन आली होती.

विल्फला मी सकाळी सांगितलं. त्याने हातातला चहा खाली ठेवला. चिडला नाही, पुरावा मागितला नाही. म्हणाला, “बेरिल, मी रोज तिथे उभा राहून आईच्या…” साठी उलटलेला माणूस, टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मी त्याला थोपटलं नाही. त्या घटकेला माझा हातच पुढे झाला नाही.

मग तो लॅचफर्डसाहेबांकडे गेला. सगळं खरं खरं सांगितलं, आईच्या जन्माचंसुद्धा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, याला काही आधार? म्हातारीने आईकडून ऐकलं, आईने लहानपणी पाहिलं. विल्फ, तूच म्हणाला होतास ना, घराणं गप्प बसणाऱ्यांचं? आता एकदम बोलायला लागलं तर शंका नाही का येणार? भावनेच्या भरात इतका सुंदर शोध टाकू नकोस. शनिवारी विल्फ गेला नाही. त्या खिडकीखाली लॅचफर्डसाहेब उभे राहिले, आणि टीव्हीवर सगळ्या देशाने अमोस स्कॅरोचं नाव ऐकलं.

विल्फ ईडीमावशीच्या दारात गेला. तिने दार उघडलं, चहाही दिला. तो माफी मागायला लागला तेव्हा म्हणाली की माझ्यापाशी कशाला रडतोस, ज्यांना सांगितलंस त्यांना जाऊन सांग.

म्हणून तो आता रोज संध्याकाळी जातो. स्वतःच्या फेऱ्या त्याने बंद केल्या, पण अमोसच्या फेऱ्या बंद झाल्या नाहीत. आता तिथे तीन-तीन वाटाडे माणसं घेऊन येतात. कोवळी पोरं, उंच टोप्या घातलेली, विल्फचंच वाक्य विल्फच्याच आवाजात म्हणतात. तो पुढे होऊन सांगतो की हे खोटं आहे, ते रक्त माझ्या आजीचं होतं, माझी आई त्या रात्री जन्मली. आणि तो पोरगा सगळ्यांना सांगतो, मंडळी, हेच ते विल्फ टॅपिंग, इथल्याच मातीतले, यांनीच रविवारचं धुणं शोधलं. लोक टाळ्या वाजवतात. त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. तो सांगतच राहतो. लोकांना वाटतं, हाही खेळाचाच भाग आहे.

परवा मी त्याला आणायला गेले होते. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, विल्फचा घसा बसला होता, तरी तो बोलत होता. तेवढ्यात ईडीमावशीची खिडकी उघडली. कितीतरी महिन्यांनी. सगळे कॅमेरे तिकडे वळले. विल्फने टोपी काढली.

“घरी जा, विल्फ,” ती म्हणाली. “तू असलास की ते जास्त वेळ थांबतात.”