देव उजव्या हाताला

सरळ रेषेचा मनापासून राग करणारा सिव्हिल इंजिनियर अख्ख्या कॅलिफोर्नियात एकच असेल, तर ते सनीव्हेलच्या आमच्या शेजारणीचे वडील. नागपूरच्या सरकारी बांधकाम खात्यात त्यांनी आयुष्यभर काटकोनात इमारती उभ्या केल्या. पत्नी गेल्यावर लेकीकडे आले, एका शनिवारी सॅन फ्रान्सिस्कोतल्या बरोक शैलीच्या इमारतींच्या वॉकिंग टूरला सहज म्हणून गेले आणि पुढचे अकरा शनिवार तीच टूर करून आले. बरोक म्हणजे काय, हे लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला ते न विचारता सांगत. "सरळ जाता येतं, पण जायचं नाही, त्याला बरोक म्हणतात. लग्नातल्या भाषणासारखं. मुद्दा एक, वळसे सतरा." पिळाच्या खांबाला ते दगडाची चकली म्हणत आणि दिसेल तो खांब बोटाच्या पेरानं वाजवून पाहत. एका जुन्या थिएटरात सुरक्षारक्षकानं हटकलं, तेव्हा त्यालाच त्यांनी आनंदानं कळवलं, "पोकळ आहे. प्लास्टर!" इथलं बरोक बहुतेक नकलेचं, असं मी एकदा म्हणालो. "असू दे ना बाप्पा," ते म्हणाले, "पीळ तर खरा आहे."

अडचण एकच. देवळाला घालतात तशी चर्चलाही ते प्रदक्षिणाच घालत. इमारत उजव्या हाताला हवी. टूर उलट्या बाजूनं निघाली, की काका एकटे दुसरीकडून जात आणि मागच्या कोपऱ्यावर सगळ्यांना समोरून भेटत.

पुढे त्याच टूरचे स्वयंसेवक गाइड व्हायचं त्यांच्या मनानं घेतलं. ग्रीन कार्ड हातात होतं, काम नव्हतं. "नुसतं बसून खायला मी इथे राहणार नाही," त्यांनी लेकीला बजावलं. गाइड होण्यासाठी परीक्षकाला एक टूर करून दाखवायची होती. पास झाले तर मुक्काम, नाही तर पुढच्या महिन्यात कायमचं नागपूर. तिकीट काढून ठेवलेलं. परीक्षेला लेकीनं मला सोबत पाठवलं. तिला स्वतःला ते बघवलं नसतं.

परीक्षक बाई वयस्क आणि कडक होत्या. काका छान बोलत होते. शेवटच्या चर्चपाशी मात्र प्रदक्षिणेच्या बाजूचा फुटपाथ दुरुस्तीसाठी बंद निघाला. मागच्या दाराकडे जायला उरली फक्त उलटी बाजू. काका थांबले. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"काका, चला ना. आजच्या दिवस," मी कुजबुजलो.

"काहून? आजच्या दिवस देव डावीकडे बसतो का?"

मग ते आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि पाठमोरे चालू लागले. चर्च आपोआप त्यांच्या उजव्या हाताला आलं. कमानी, देवदूत, दगडी वेली समजावत, एकदाही न अडखळता, ते तसेच मागच्या दारापर्यंत गेले.

बाईंनी कागदावर सही केली. "चालतानाही ग्रुपकडे पाठ न करणारा गाइड मी पहिल्यांदाच पाहिला," त्या म्हणाल्या. काकांनी खुलासा केला नाही. मीही नाही.

परतीच्या कॅलट्रेनमध्ये बसल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. "तिकीट कॅन्सल कर." पलीकडून "बाबा, येस!" इतक्या जोरात आलं, की समोरच्या प्रवाशानं मान वर केली. काका हसले. नंतर त्यांनी नागपूरच्या शेजाऱ्यासाठी फोनवर निरोप रेकॉर्ड केला. तिथे तेव्हा मध्यरात्र होती.

"दिन्या, घराची किल्ली तुझ्याकडेच राहू दे. यंदा येत नाही मी."

तो त्यांनी ऐकला, पुसला, पुन्हा रेकॉर्ड केला. या वेळी 'यंदा' हा शब्द गाळला. पुन्हा ऐकला, पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा 'यंदा' परत घातला आणि पाठवला.