मन मोकळं करायची खोली

मानसशास्त्रात एम. ए. झाल्यावर नोकरी कुठे शोधायची, हे घरी कुणाला विचारणार? बाबा संरक्षण कारखान्यात फिटर. आमच्यात कॉलेजात गेलेली मीच पहिली. दवाखान्यात बसायचं नाही, माणसं जिथे काम करतात तिथे त्यांना बरं वाटावं असं काहीतरी करायचं, एवढंच माझ्या मनात होतं. पुष्कळ अर्ज केल्यावर चेन्नईच्या पेरुंगुडी भागातल्या एका कंपनीने सहा महिन्यांसाठी घेतलं. काम पटलं तर कायम करू, म्हणाले. बाबांनी ते अख्ख्या क्वार्टर्समध्ये सांगितलं.

कंपनीत मन मोकळं करायची एक खोली होती. मऊ सोफा, टिश्यूचा डबा, आणि दारावर इंग्रजी पाटी: इथलं बोलणं इथेच राहतं. कर्मचारी येणार, मी ऐकणार. पहिल्याच आठवड्यात पुण्याहून बदलून आलेल्या एक ताई माझ्याकडे आल्या. इतक्या दिवसांनी मराठी कानावर पडल्यावर त्या भडाभडा बोलल्या. त्यांना दिवस गेले होते, आणि बढती हातात येईपर्यंत त्यांना ते कुणालाही कळू द्यायचं नव्हतं.

संध्याकाळी माझ्या वरिष्ठ मॅडमनी कॉफी मागवली आणि ‘ती पुण्याची काय म्हणाली?’ असं सहज विचारलं. मी चाचरत पाटीची आठवण करून दिली.

“पाटी त्यांच्यासाठी आहे, मा,” त्या तमिळ ढंगात, हसून म्हणाल्या. “तू तर आमची ना?”

कोण सोडून जाणार, कोण लांब रजेवर जाणार, हे आधी कळलं की कामं वाटायला सोपं जातं, असं त्यांनी समजावलं. त्या ताईंना मुद्दाम मराठी मुलगीच दिली होती, हेही सांगितलं. अगदी कौतुकाने.

मला शिसारी आली. त्या सोफ्याची, त्या कॉफीची, ‘बोला ना, ताई’ म्हणणाऱ्या माझ्याच आवाजाची. घरात आईशी बोलते ती भाषा यांनी गळाला लावली होती. मला सांगता येणार नाही, एवढंच मी कसंबसं म्हटलं. मॅडम लॅपटॉपकडे वळल्या. कायम होण्याचा विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी ताईंना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. त्या खोलीत पुन्हा काही बोलू नका, म्हटलं. त्यांनी आभार मानले नाहीत. काहीतरी घाण पायाला लागावी तसं माझ्याकडे पाहिलं.

“आणि तू उद्याही तिथे बसणार?”

“नाही,” मी म्हटलं. तोवर मी काहीच ठरवलं नव्हतं. बाबांना काय सांगायचं, तेही नाही.